थंडीची ऑर्डर

लोकरीचं काम भर उन्हाळ्यातलं. नवख्या माणसाला हे ऐकून हसू येतं, पण धंदाच तसा आहे. स्वेटर लोक घालतात हिवाळ्यात, आणि शाळा मागते सुट्टी संपून वर्ग भरले की लगेच. म्हणजे बाकीचं जग जेव्हा बनियनवर बसून कलिंगड खात असतं, तेव्हा स्वेटरबाईच्या मांडीवर लोकरीचा ढीग.

गल्लीत तिला सगळे स्वेटरबाई म्हणायचे. नवऱ्याला कंडक्टर. तो बसमधून निवृत्त होऊन किती तरी वर्षं झाली होती, पण बस काही त्याच्यातून उतरली नव्हती. जिन्यात दोन माणसं गप्पा मारत उभी दिसली की हा खालून ओरडणार, "पुढे सरका, पुढे सरका, मागून लोक येतायत!" मागे चिटपाखरूही नसायचं. पाहुणे उठायला लागले की म्हणणार, "सुटे आहेत ना? मग बसा अजून." चहाच्या कपाला तो तिकीट म्हणायचा, आणि दुसरा कप हवा असला की, "अगं, एक परतीचं दे."

स्वेटरबाईचं मशीन खिडकीखालच्या टेबलावर. सुयांची लांबलचक रांग, आणि तिच्यावरून इकडून तिकडे सरकवायचा एक ठोकळा. एक फेरी, एक ओळ. ठोकळ्याला ती गाडी म्हणायची, त्यामुळे कंडक्टर तिला ड्रायव्हर म्हणायचा. मशीनच्या डोक्यावर तारेचा एक बारीक दांडा, त्यातून लोकर खाली यायची. सगळी गोम त्या दांड्यात होती. छताचा पंखा लावला की लोकर हेलकावे खायची, ताण बिघडायचा आणि कुठेतरी एक टाका गळायचा. गळलेला टाका म्हणजे घरातली भानगड, तळापर्यंत पोचल्याशिवाय थांबत नाही. अख्खी पाठ उसवून पुन्हा विणायची. म्हणून त्या घरात एकच कायदा. मशीन चालू, तर पंखा बंद.

पूर्वी हा कायदा कोणाला जाचला नव्हता. उन्हाळ्यातही सकाळ जरा गार असायची. सकाळी विणायचं, ऊन चढलं की मशीनवर चादर टाकायची आणि पंख्याखाली बसून हाताने बाह्या जोडायच्या. पण हल्ली सकाळच उठायची ती तापलेली, रात्रभर जागलेल्या माणसासारखी चिडकी. खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर नुसता स्लॅब. दिवसभर उन्हाकडून घेतलेलं सगळं तो रात्री इमानदारीने खाली सोडायचा.

आणि थंडी? ती आखडत चालली होती. आधी शाळेचे स्वेटर पूर्ण बाह्यांचे असायचे. थंडी आखडली तशा बाह्याही गेल्या. मग पोरं तो बिनबाह्यांचा स्वेटरही कमरेला बांधून फिरायला लागली.

"पुढच्या वर्षी नुसती कॉलर विण," कंडक्टर म्हणाला. "गळ्यात घालतील पट्ट्यासारखी. लोकर वाचेल."

"तुमच्या तोंडाला विणते आधी काहीतरी."

हसायची ती, पण मनात धाकधूक होती. शाळेची ऑर्डर म्हणजे त्या घराचं वर्ष. किराणा त्यातून, कंडक्टरची औषधं त्यातून. पेन्शन महिन्याच्या मध्यावरच धापा टाकायची. लोकर महागली, म्हणून तिने किंमत वाढवायचं मनात आणलं, पण शाळेत बोलायची हिंमत झाली नाही. भाजीवाल्याला मात्र हिंमत भरपूर.

"मी नाही वाढवले हो ताई, वरच्याने वाढवले," तो बोट आभाळाकडे करून सांगायचा. "नको तेव्हा पडला, टोमॅटो सडला. पाहिजे तेव्हा गायब, कांदा वाळला. आईशप्पथ, मी मधला पोस्टमन! पोस्टमनशी कोणी भांडतं का?"

"पोस्टमन पत्रातलं अर्धं खात नाही," स्वेटरबाई म्हणायची आणि किलोच्या जागी पाव घेऊन जिना चढायची. पाण्याचे कॅन विकत. लिंबू बघण्यापुरतं. लाइटचं तर विचारू नका, ठरावीक युनिटच्या वर गेलं की दर अशी उडी मारायचा की खालचे शिंपीकाका इस्त्रीकडे साप बघावा तसं बघत.

अशात कंडक्टरचं हृदय थकलं. डॉक्टर तरुण होता आणि त्याला प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'समजलं?' लावायची सवय होती. "पंप कमजोर झालाय, समजलं? या गोळ्यांनी अंगातलं पाणी उतरेल, सूज जाईल. पण उकाडा यांना चालणार नाही, समजलं? पंखा सतत. जमलं तर कूलर घ्या. समजलं?"

"समजलं," कंडक्टर म्हणाला. "एक फुल, एक हाफ, आणि पंख्याचं लगेज वेगळं."

डॉक्टर हसला नाही. स्वेटरबाईही नाही.

शाळेची ऑर्डर कधी कागदावर आली नव्हती. वर्ष संपताना मोठ्या बाई म्हणायच्या, "यंदाही तुमच्याकडूनच हं." बस, एवढंच. याही वर्षी म्हणाल्या होत्या. त्या शब्दावर स्वेटरबाईने लोकर उचलली, कानातले देऊन उचलली. आणि ठरवून टाकलं, शाळेचे पैसे हातात पडले की आधी कूलर, मग बाकीचं जग. बाजारातला कूलर तिने बघूनही ठेवला. दुकानदाराने चालू करून दाखवला तेव्हा समोर उभी राहून वारा अंगावर घेतला आणि लगेच बाजूला झाली, उगाच वापरून जुना केल्यासारखं वाटलं तिला.

राहता राहिला प्रश्न तोपर्यंतचा. मशीन चालवायचं तर पंखा बंद. पंखा लावायचा तर स्वेटर नाहीत, म्हणजे कूलर नाही. खोली एकच. स्वयंपाकाचा ओटासुद्धा त्यातच, पलंग सरकवून सरकवून सरकवणार कुठे?

तोडगा कंडक्टरने काढला. उशाशी स्टीलचा पेला होता, त्यात चमचा. बसमधला नियम साऱ्या जगाला ठाऊक आहे. एक टण, थांबा. दोन टण, जाऊ द्या.

"मी घंटी देतो," तो म्हणाला. "मला बरं असलं की दोन. जीव घाबरा झाला की एक. एक वाजली की तू ब्रेक मारायचा, पंखा लावायचा. घंटीशिवाय गाडी हलवायची नाही. आहे कबूल?"

"लबाडी नाही करायची."

"ड्यूटीवर लबाडी? तीस वर्षांत एकही मेमो नाही माझ्या नावावर."

सुरुवातीला घंटी प्रामाणिक होती. टण टण, गाडी सुटायची. तीस-चाळीस फेऱ्या झाल्या की टण. ती उठून पंखा लावायची, त्याच्या मानेवरून ओला पंचा फिरवायची, तो डोळे मिटून म्हणायचा, "दहा मिनिटं थांबेल गाडी, चहापाणी करून घ्या." मग पुन्हा टण टण. खाली शिंपीकाकांना तो आवाज ऐकू जायचा. ते बायकोला म्हणायचे, "मी काय म्हणतो, म्हातारा-म्हातारी संसार करतायत का बस डेपो चालवतायत?"

शाळा उघडायचा दिवस जवळ आला तसा तो एक टण उशिरा वाजायला लागला. ते तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. येत होतं. पाठ एका बैठकीत पुरी होत होती, आणि पुरी झालेली पाठ बघून हातांना बरं वाटत होतं.

"अहो, खरं सांगा, जमतंय ना?"

टण टण.

"तोंडाने बोला की."

"चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये. पाटी वाच."

मुलगी औषधाच्या दुकानात काऊंटरवर होती. सुट्टीच्या दिवशी आली ती दारातच थबकली. "आई, प्लीज! भट्टी आहे ही. पंखा लाव आधी." तिने स्वतःच बटण दाबलं. टेबलावरची लोकर भिरभिरली, सुईवरून एक टाका गळला आणि बघता बघता खालपर्यंत गेला. स्वेटरबाईच्या तोंडून नकळत शिवी निघाली. मुलगी रडकुंडीला आली.

"ऑर्डर होईपर्यंत बाबांना मी नेते. आमच्याकडे खाली तळमजला आहे, निदान भिंती तरी तापत नाहीत."

"जावयाच्या घरी सासरा दोन दिवस गोड," कंडक्टर म्हणाला. "तिसऱ्या दिवशी त्याचं तिकीट चेक होतं."

"बाबा, विनोद नको."

"आणि ड्रायव्हरला घंटी कोण देणार? जा तू, उशीर होईल. थोडेच राहिलेत."

त्या वेळी स्वेटरबाईने एक शब्द जरी टाकला असता, जा म्हणाली असती, तर तो गेला असता. तिचं त्याने आयुष्यात कधी मोडलं नव्हतं. पण ती हातातला गळलेला टाका उचलत होती. शिवाय तो समोर असला की काम पटापट व्हायचं, हेही खरं. ती गप्प राहिली. मुलगी चपला घालून गेली.

त्या दिवशी वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं आणि खिडकीची सळई हाताला चटका देत होती. शेवटच्या स्वेटरची पाठ मशीनवर होती. बाकी सगळे घड्या घालून भिंतीशी रचलेले, तपकिरी रंग, गळ्याला पिवळी पट्टी, भिंतीला टेकून बसलेल्या वर्गासारखे.

"अहो, हा शेवटचा हं."

टण टण.

तिने गाडी हलवली. लोकर घामाने बोटांना चिकटत होती. मध्येच मागे वळून बघितलं तर तो डोळे मिटून पडला होता, चमचा हातात, ओठांवर ते नेहमीचं मिश्कील काहीतरी. तिने विचारायच्या आधीच टण टण झालं. जरा हळू झालं, एवढंच. ती हसली. म्हणाली, "कळलं, कळलं. एक्स्प्रेस आहे आज." खांद्याशी टाके कमी करायची वेळ आली. ती टाके मोजायला लागली. टाके मोजताना तिला जग ऐकू येत नसे.

मग टण.

एकच.

कायद्याप्रमाणे ती जागच्या जागी थांबली. ओळ अर्ध्यावर होती तरी थांबली. उठून आधी पंखा लावला. लोकर उडाली, उडू दे म्हणाली. माठातलं पाणी पातेल्यात ओतून पंचा भिजवला आणि पाठमोरीच बोलत राहिली, "किती वेळ ओढलंत आज! आधी द्यायची ना घंटी. आता एवढा खांदा आणि गळ्याची पट्टी राहिलीय, ती काय हातानेही होईल. उद्या माल पोचवते आणि तशीच बाजारातून कूलर घेऊन येते, रिक्षातूनच आणते, हमाली कोणाला द्यायची? लावू इथे, तुमच्या पायाशी, का डोक्याशी? अहो?"

पंचा पिळून ती वळली. चमचा जमिनीवर पडला होता. हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता. ती घंटी त्याने दिली नव्हती.

शिंपीकाका आणि त्यांच्या बायकोने मिळून त्याला चादरीत घालून खाली आणलं. दवाखान्यात व्हरांड्यापर्यंत माणसं होती, कोणी बाकावर, कोणी फरशीवर, डोक्यावर ओली फडकी. नर्स कुणाला तरी सांगत होती, "सकाळपासून असेच येतायत." कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं. बंद पडलंच होतं.

नंतर माणसं आली. जिने चढून धापा टाकत आली, पंख्याखालची जागा बघून बसली आणि जे बोलायचं असतं ते बोलली. "सुटले बिचारे." "झोपेत गेले म्हणायचे, पुण्यवान." "मी काय म्हणतो, वयच होतं." एक बाई तर म्हणाली, "हसत गेले हो, अगदी हसत," जशी काही ती उशाशीच बसली होती. स्वेटरबाई प्रत्येकाला मान हलवून 'हो' म्हणत होती. एकदाच तिची मान थांबली. कोणीतरी म्हणालं, "ऊनच असं पडलंय, कोण काय करणार?"

सगळे गेल्यावर मुलीने विचारलं. वर न बघता विचारलं. "आई, मशीन चालू होतं?"

"हो."

मुलगी भिंतीशी गेली आणि आधीच घड्या घातलेले स्वेटर एकेक उलगडून पुन्हा घड्या घालायला लागली. घडी घालता घालता म्हणाली, "मी बाबांना न्यायला हवं होतं. उचलून न्यायला हवं होतं."

"मी जा म्हणायला हवं होतं," स्वेटरबाई म्हणाली. यापलीकडे त्या दोघींत त्या विषयावर बोलणं झालं नाही. पुढेही झालं नाही.

शाळा उघडली. माल पोचवायला हवा होता. मुलगी म्हणाली मी येते, स्वेटरबाई म्हणाली काम बुडवू नकोस, पगार कापतील. रिक्षात गाठोडी घालून ती एकटीच गेली. मोठ्या बाईंच्या खोलीचं दार ढकललं आणि अंगावर गारवा आला. आत एसी होता. पालकांना उन्हात उभं राहून फी भरावी लागते म्हणून फी आता या खोलीतच घेत, आणि एसी यंदाच बसवला होता.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. उठून उभ्या राहिल्या, खुर्ची ओढून दिली. "ॲक्च्युअली मी तुम्हाला निरोप पाठवणारच होते. तुमच्याकडचं कळलं, मग म्हटलं, अशा वेळी कसं सांगायचं." टेबलावरचा पेपरवेट त्यांनी उगाच फिरवला. "पालकांची सभा झाली. ते म्हणाले, फी वाढली, व्हॅनचं भाडं वाढलं, घरी भाजी परवडत नाही. निदान स्वेटर तरी यादीतून काढा. थंडी कुठे पडते आता? ॲक्च्युअली मी खूप सांगितलं. पण बाई, त्यांचंही खोटं नव्हतं हो."

स्वेटरबाई ऐकत होती. तिला राग यायला हवा होता, पण रागवायला कोणी सापडेना. त्या सभेत ती पालक म्हणून बसली असती तर तिनेही हात वर केला असता. पाव किलो टोमॅटो घेणाऱ्या माणसाने पोरासाठी कमरेला बांधायचा स्वेटर का घ्यावा?

"एकही नको?" तिने विचारलं.

"कोणी स्वखुशीने मागितला तर कळवेन मी. नक्की कळवेन."

गाठोडी तिच्या पायाशी होती. गळ्याला शाळेची पिवळी पट्टी असलेले ते स्वेटर दुसरीकडे कुठे खपणारही नव्हते. मोठ्या बाईंना काहीतरी करावंसं वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी वरचा एक स्वेटर उचलला, हात फिरवला. "किती सफाईदार! मलाच लागतो खरं तर. हा एसी असा डोक्यावर येतो ना, दुपारपर्यंत गारठते मी. ॲक्च्युअली, माझ्या मापाचा नाही का यात एखादा?"

"सगळी मुलांची मापं आहेत."

"मग माझ्यासाठी एक विणाल? पूर्ण बाह्यांचा? ॲडव्हान्स देते आत्ताच."

स्वेटरबाईने पिशवीतून टेप काढला. हातांना सवय होती, डोक्याला विचारायची गरज नव्हती. खांदा, पाठ, छाती. मग बाहीचं माप घ्यायला तिने मोठ्या बाईंचा हात सरळ केला आणि तिथेच थांबली. त्या हातावर काटा आला होता. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक, खरा थंडीचा काटा. इतके हिवाळे झाले, तिने कोणाच्या अंगावर असा काटा बघितला नव्हता. तिने टेप खाली ठेवला आणि तो हात दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायला लागली, खालून वर, सावकाश, उशाशी बसून चोळावा तसा. तिच्या डोळ्यांतून पाणी केव्हा वाहायला लागलं ते तिला कळलं नाही.

मोठ्या बाईंनी हात ओढून घेतला नाही. मोकळ्या हाताने रिमोट शोधला. "बंद करू का एसी? तुम्हाला त्रास होतोय."

"नको," स्वेटरबाई म्हणाली. "असू दे. किती छान गार आहे इथे. त्यांना असं एकदा बसवायचं होतं मला."

मोठ्या बाईंनी रिमोट ठेवून दिला. बाहेर वर्ग सुटल्याचा गलका झाला आणि थोड्या वेळाने विरला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, मग जरा घुटमळत विचारलं, "बाई, सोबत कोणी आलंय का तुमच्या? ही गाठोडी परत न्यायला?"

"नाही," ती म्हणाली. "एकटीच आहे."